काच वेगळी

सकाळी सात-दहाला गाडी येते रामबागेत,
तेच गाणं लावून, जे आता गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ आहे.
ओला वेगळा, सुका वेगळा.
आमच्या इंदुरात कचरासुद्धा शिस्तीत राहतो.
मी सात वर्षं पडद्याआड उभा राहून
ती गाडी जाऊ दिली.

माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे,
माझ्या बाटल्या होत्या.
प्रत्येकीला कारण होतं.
ही, सियागंजातल्या शेठनं चारचौघांत चोपडी अंगावर फेकली तेव्हाची.
ही, धाकट्यानं देवासचा प्लॉट परस्पर विकला तेव्हाची.
ही चपटी, सुलक्षणा ऋजुताला घेऊन
खांडव्याला निघून गेली त्या रात्रीची –

खोटं.
ती जाण्याच्या आधीची आहे ही.
कितीदा मी ही अदलाबदल केली आहे,
इतक्या सफाईनं, की मलाच पटायचं.

बाबांच्या नावावरही तीन-चार आहेत,
त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली तरी.
"तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही," म्हणायचे.
ते वाक्य मी परवान्यासारखं
वरच्या खिशात ठेवलं.

मग एक मंगळवार.
डॉक्टरनं घाबरवलं नव्हतं, स्वप्नात कोणी आलं नव्हतं.
पंख्याचं स्टूल काढताना मखराचं खोकं खाली आलं,
आणि मागचं सगळं दिसायला लागलं, एवढंच.

गोणी घेऊन उतरलो. जिन्यात बाटल्या बोलतात.
खंडकरकाकूंनी दार किलकिलं केलं,
आणि बराच वेळ लावलं नाही.

गाडीवरची सरोज. हातात रबरी मोजे,
उजव्याला अंगठा नाही.
तिनं गोणीत डोकावून पाहिलं.
माझं भाषण तयार होतं:
शेठ, धाकटा, बाबा, याच क्रमानं.
ती म्हणाली, "भिया, काँच खुली मत लाओ. हाथ कटता है."
"किसका?" मी मूर्खासारखं विचारलं.
तिनं अंगठा वर केला.
त्यावर चिंधी होती, हळदीनं पिवळी.

गाडी गाणं घेऊन वळली.
मी गोणीसकट परत वर.

ओट्याखाली फतकल मारून जुने पेपर फाडले.
एकेक बाटली गुंडाळायची, दोऱ्यानं बांधायची,
वर स्केचपेननं लिहायचं: काच.
पहिल्या बाटलीवर हात आपसूक "शेठ" लिहायला वळला.
शेठ वाईटच आहे, त्यात काही बदल नाही.
धाकट्यानं फसवलंच.
पण बूच माझ्या दातांनी उघडलेलं आहे,
दाढेचा टवका त्याला साक्षी.
काच, लिहिलं. खाली लहान अक्षरात, माझी.
मग स्वतःचंच हसू आलं, कोणाला दाखवायचं होतं हे?
पुढच्या बाटल्यांवर नुसतं काच.

दुपारपर्यंत नऊच झाल्या.
घाईनं गुंडाळलं की कागद फाटतो.

बुधवारी नऊ दिल्या. गुरुवारी सहा.
शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या वळणावर
पाय थांबले. थांबले, हे लिहून ठेवतो.
वळले नाहीत, हेही.
शनिवारचं मला काय ठाऊक?

सरोज मोजत नाही.
फक्त विचारते, "और है?"
"है," मी म्हणतो.
काकूंचं दार आता पूर्ण उघडं असतं.
बघोत.

ऋजुताला फोन करायचा होता.
माळा रिकामा झाला की करू, म्हटलं,
आणि म्हणतानाच कळलं, हे त्याच खोक्यामागचं आहे,
नव्यानं ठेवलेलं.
मग केला.
वाजत राहिला. तिनं उचलला नाही.
तिची मर्जी.

अजून अकरा आहेत वर.
दोरा संपला आहे,
सकाळी गाडीच्या आधी आणायला हवा.